हजेरीच्या वहीतलं नाव



राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिदिनानिमित्त बोलण्यासाठी आपण मला बोलावलंत. स्त्रियांची आर्थिक समता आणि समान वेतन हा विषय संयोजकांनी दिला तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कायदे आणि आकडे असावेत. तेही येतीलच. पण मला सुरुवात उसाच्या एका फडापासून करायची आहे.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. गेल्या माघात मी गावी होते. सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या बांधावरून सात बायका भांगलणीला निघाल्या होत्या. प्रत्येकीच्या अंगात लुगड्यावर नवऱ्याचा जुना, फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला टॉवेल, हातात खुरपं आणि पिशवीत जर्मनचा डबा. शर्ट हौसेनं घातलेला नसतो. उसाचं पान करवतीसारखं असतं, उघड्या हातावर दिवसभरात बारीक बारीक रेघा उमटतात आणि रात्री आंघोळीच्या गरम पाण्यात त्या झोंबतात. सरीत उकिडवं बसायचं, पात धरायची आणि पाच वाजेपर्यंत तशीच पुढं न्यायची. मी बांधावर थांबले आणि त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्कर मावशींना हजेरी विचारली. बाईची 300 च्या आसपास, गड्याची 500 च्या आसपास. त्याच रानात दोन गडी खत टाकत होते. ते नवाला आले होते आणि जेवायच्या वेळेला घरी जाणार होते.

मी विचारलं, “मावशी, तुमची कमी का?”

त्या म्हणाल्या, “गड्याचं काम जड असतंय ताई. आमचं काय, बसून तर हाय. तेवढाच घराला हातभार लावतो मी.”

‘लावतो’ म्हणाल्या, ‘लावते’ नव्हे. आपल्याकडची बाई ‘मी जातो’, ‘मी करतो’, ‘मी आलो’ असंच बोलते. पुण्या-मुंबईची माणसं त्याला हसतात. मला मात्र आमच्या बायांच्या तोंडचा तो ‘करतो’ फार मोलाचा वाटतो. जी बाई क्रियापदात पुरुषाच्या बरोबरीनं उभी राहते, ती हजेरीत दोनशे रुपयांनी मागं कशी पडते, याचाच विचार मला आज आपल्यासमोर करायचा आहे. आणि त्याचं अर्धं उत्तर मावशींनीच दिलं होतं. ते उत्तर म्हणजे ‘हातभार’.

पुरुष जे मिळवतो त्याला आपण मजुरी, पगार, कमाई म्हणतो. बाईच्या मिळकतीला हातभार म्हणतो. अंगणवाडीत ती राबली तर मानधन, घरी शिवणकाम केलं तर ‘वेळ जातो’, भिशीतले पैसे तर ‘तिचे खाऊचे’. मोल ठरायच्या आधी कामाचं नाव ठरतं आणि त्या नावातच मोल कापलं जातं. हजेरीच्या वहीत रक्कम लिहिली जाते ती नंतर. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. बाईच्या कामाला कामाचं नाव मिळालं पाहिजे आणि त्या कामासमोर, पैशाच्या वहीत, तिचं स्वतःचं नाव लागलं पाहिजे. समान वेतनाची लढाई तिथून सुरू होते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात ती अजून तिथंच अडलेली आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. संविधानाच्या 39 व्या अनुच्छेदात स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन असावं, हे राज्याला दिलेलं मार्गदर्शक तत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा समान मोबदल्याचा करार 1951 चा, भारतानं तो 1958 मध्ये मान्य केला. प्रत्यक्ष कायदा यायला 1975 साल उजाडलं. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. त्या वर्षी 26 सप्टेंबरला समान वेतनाचा अध्यादेश निघाला आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. आता त्याची जागा वेतन संहितेनं घेतली आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि वेतनात लिंगभेद करायला तिच्यातही मनाई आहे.

पण त्या 1975 च्या शरदात आणखी काय घडलं ते बघा. अध्यादेश निघाल्याला आठवडाही उलटला नव्हता. 2 ऑक्टोबरला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आपली अंगणवाडी ती हीच. गावोगावच्या बायकांनी पोरांना शिकवायचं, खाऊ घालायचं, वजनं करायची, गरोदर बाईची नोंद ठेवायची. त्याचा पगार देणार नव्हते, देणार होते मानधन. सहा दिवसांपूर्वी ज्या सरकारनं समान वेतनाची हमी दिली, त्याच सरकारनं देशातली बायकांची एक फार मोठी फौज वेतनाच्या व्याख्येबाहेर उभी केली. अंगणवाडी सेविका कर्मचारी नाही, मानसेविका आहे, हे तेव्हा ठरलं आणि पन्नास वर्षं तसंच चालू आहे. 2023 च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या आणि जानेवारीअखेरपर्यंत टिकून राहिल्या. आपल्या जिल्हा परिषदेच्या दारातही त्या थंडीत बसल्या होत्या. तेव्हा सेविकेचं मानधन होतं महिन्याला 10,000 रुपये. मानधनाच्या जागी वेतन हा शब्द आला असता, तर किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि पेन्शन हे सगळं आपोआप मागोमाग आलं असतं. त्यांची ग्रॅच्युइटीसुद्धा सर्वोच्च न्यायालयातून यावी लागली, तीही 2022 मध्ये, गुजरातच्या सेविका कोर्टात गेल्या म्हणून.

त्याच शरदात, 24 ऑक्टोबर 1975 ला, आइसलंड नावाच्या चिमुकल्या देशात बायकांनी एका दिवसाची सुट्टी घेतली. नोकरीवर गेल्या नाहीत, चूल पेटवली नाही, पोरं सांभाळली नाहीत. दहापैकी नऊ बायका त्यात सामील झाल्या आणि देश ठप्प झाला. त्यांनी कचेरीचं आणि घरचं काम एकाच दिवशी बंद ठेवलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोणतं काम ‘खरं’ आणि कोणतं ‘घरचं’ हा भेद त्यांनी त्या दिवसापुरता पुसून टाकला. आपल्याकडे सरकारनंच 2024 साली वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यात घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी 289 मिनिटं निघाली आणि पुरुषाची 88. जवळपास पाच तास घरात घालवून मगच बाई हजेरीवर येते. म्हणून ती दहाला येते, नवाला येत नाही. आणि दहाला येते म्हणून तिची हजेरी कमी, असंही तिला वर ऐकवलं जातं.

कामाचं नाव बदलून मोल कसं कापतात, याचा आपल्या न्यायालयांसमोर आलेला सगळ्यांत गाजलेला खटला मुंबईचा आहे. ऑड्री डी’कोस्टा या मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत लघुलेखिका होत्या. पुरुष लघुलेखक तेच काम करत आणि जास्त पगार घेत. कंपनीचं म्हणणं असं, की या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ आहेत, म्हणजे त्यांचा वर्गच वेगळा, शिवाय युनियनशी तसा करार झालेला आहे. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं फेटाळलं. काम तेच असेल तर हुद्द्याचं नाव बदलून वेतन कमी करता येणार नाही आणि कंपनीला परवडत नाही ही सबबही चालणार नाही. थकबाकी होती सात हजार रुपयांच्या घरातली. तेवढ्यासाठी एका बाईला दहा वर्षं लढावं लागलं. पण तिच्या बाजूनं एक गोष्ट होती. तिच्या नावानं पगार निघत होता, शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाच्याही नावानं निघत होता आणि दोन आकडे शेजारी शेजारी ठेवता येत होते.

माझाही एक अनुभव सांगते. शिक्षण संपवून एका खाजगी संस्थेत मी शिकवायला लागले. माझ्याच आठवड्यात, माझ्याच पदवीचा एक तरुण रुजू झाला. पगाराच्या दिवशी रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करायची असे, रजिस्टर मोठं, एका पानावर सगळ्यांच्या रकमा. तिसऱ्या महिन्यात माझं लक्ष वरच्या ओळीकडे गेलं आणि त्याची रक्कम दिसली. विचारायला गेले तर उत्तर आलं, “मॅडम, तुमचे मिस्टर नोकरीला आहेत ना?” मी सही करून आले आणि पुढची तीन वर्षं गप्प राहिले. आज त्या गप्प राहण्याचं मला वाईट वाटतं. पण निदान ते रजिस्टर होतं, त्यात माझं नाव होतं. माझ्यावर अन्याय झालाय हे मला कळू तरी शकलं.

आता आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यांत मोठं कामाचं रान बघा. दिवाळी संपली की बीड, अहिल्यानगर, धाराशिव या भागांतून ऊसतोड कामगार आपल्याकडे उतरतात. कारखान्याच्या तळावर पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. इथे मजुरी मोजायचं एकक आहे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. नवरा एकटाच आला तर तो अर्धा कोयता. आगाऊ उचल कोयत्याला मिळते, हिशेब कोयत्याचा होतो आणि कोयत्याच्या नावापुढं नवऱ्याचं नाव असतं. टनाचा दर वाढतो तो कोयत्याला वाढतो. जानेवारी 2024 मध्ये तो 34 टक्क्यांनी वाढला, चांगली गोष्ट झाली. त्यातले बाईचे किती, हे कुणालाही सांगता येणार नाही. खुद्द तिलाही नाही.

आणि ती करते काय? पहाटे तीन-चारला उठते, चूल पेटवते, भाकरी थापते, तान्ह्याला पाजते आणि नवऱ्याबरोबर फडात येते. तो तोडतो, ती वाढं छाटते, पाचट काढते, मोळ्या बांधते. मग ट्रॅक्टरची ट्रॉली येते, कधी मध्यरात्री. ट्रॉलीला लाकडाची फळी लावलेली असते. डोक्यावर मोळी घेऊन त्या अरुंद, घसरड्या फळीवरून तिला वर चढायचं असतं, पोटुशी असली तरी. सकाळी आपण चहात साखर घालतो ती या फळीवरून वर गेलेली असते. ‘गड्याचं काम जड’ म्हणणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी रात्री फडावर जाऊन ती फळी बघावी.

एक दिवस कामाला गेली नाही तर खाडा धरतात आणि तो उचलीतून कापतात. मासिक पाळीला सुट्टी नाही, बाळंतपणाला नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची राज्य सरकारनं चौकशी केली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर 82 हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी आली, त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कितीतरी जणी चाळिशीही न ओलांडलेल्या. शरीराचा एक भाग काढून टाकणं खाड्यापेक्षा स्वस्त पडावं, अशी ही मजुरीची व्यवस्था आहे. यावर बोलताना मला सभ्य शब्द सापडत नाहीत.

समान वेतनाचा कायदा इथे लावून बघा. तो लागतच नाही. समान म्हणायला आधी दोन वेतनं लागतात. इथे वेतन एकच आणि नावही एकच. तफावत मोजायलाच जागा नाही, म्हणून कागदावर तफावत शून्य.

हेच थोड्या सौम्य रूपात आपल्या गोठ्यात आहे. 1963 मध्ये ‘गोकुळ’ दूध संघ उभा राहिला आणि या जिल्ह्याचं घराघरातलं अर्थकारण बदललं. मी त्या दुधावरच शिकले. माझी आई पहाटे पाचला उठायची. शेणघाण, वैरण, धार. मी किटली घेऊन डेअरीत जायची. सेक्रेटरी माप घालायचे, फॅट बघायचे आणि वडिलांच्या सभासद नंबरापुढं लिटर लिहायचे. दर दहा दिवसांनी बिल निघायचं, पेंडीचे पैसे कापून. ते वडिलांच्या हातात यायचं. माझे वडील व्यसनी नव्हते, उधळेही नव्हते, भला माणूस होता. तरी आईला बांगड्या भरायला पैसे लागले की ती म्हणायची, “जरा देता का?” ज्या म्हशी तिच्या हाताशिवाय पान्हा सोडत नसत, त्या म्हशींच्या पैशासाठी ती मागणारी होती. पुढं गावात महिला दूध संस्था निघाली आणि आई सभासद झाली. पहिल्या बिलावर तिनं अंगठ्याऐवजी सही केली, चौथीत सोडलेल्या शाळेतलं जोडाक्षर आठवून आठवून. त्या महिन्यात तिनं काय घेतलं असेल? स्वतःसाठी काहीच नाही. पेंडीचं एक पोतं जास्त घेतलं, कारण कोणत्या म्हशीला किती पेंड पुरते हे तिला वीस वर्षं माहीत होतं आणि ठरवायचा अधिकार तिला त्या दिवशी मिळाला होता.

पंचगंगेच्या स्मशानात आपल्या शहरात शेणी दान करायची रीत आहे. मंडळं, तालमी ट्रॅक्टर भरभरून शेणी देतात, वर्तमानपत्रात मंडळाचं नाव छापून येतं. रीत सुंदर आहे, तिला बोट लावायचं नाही. पण त्या शेणी कुणी थापल्या? एका नावाची तरी कधी बातमी झाली आहे?

कोल्हापुरी चपलेचंही तसंच. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तसल्याच चपला नाव न सांगता मिरवल्या, तेव्हा आपण सगळे संतापलो. आमच्या कारागिरांचं नाव का नाही, हा आपला प्रश्न अगदी रास्त होता. आता सुभाषनगरात, जवाहरनगरात एखाद्या दारात थांबा. कातडं कापणं, तळ चढवणं पुरुषाकडे. उंबऱ्यावर बसलेली बाई कातड्याच्या बारीक वाद्यांची वेणी घालत असते, डोळ्यांजवळ धरून, एका मापाची, एका ताणाची. ग्राहक दुकानात चप्पल हातात घेतो तो ती वेणी बघूनच. तिला नगावर पैसे मिळतात, किंवा घरचंच काम म्हणून मिळतही नाहीत. कारागीर म्हणून ओळखपत्र बहुतेक ठिकाणी नवऱ्याचं. जो प्रश्न आपण प्राडाला विचारला, तोच आपल्या उंबऱ्यावर विचारायला हवा.

कुणी म्हणेल, बायकांनी संघटना का केली नाही? केली आहे. इथून चाळीस किलोमीटरवर निपाणी आहे. 1980 च्या सुमाराला तिथल्या तंबाखूच्या वखारींतल्या हजारो बायका उठल्या. तंबाखू झोडपायची, चाळायची, दिवसभर त्या भुकटीत श्वास घ्यायचा. नाका-तोंडाला पदर बांधला तरी भुकटी आत जायचीच. मालक म्हणेल ती हजेरी आणि मालक म्हणेल तेव्हा काम बंद. प्रा. सुभाष जोशींसारखे कार्यकर्ते त्यांच्या बरोबर होते, पण वखारीच्या दारात उभं राहायचं धाडस बायकांचं स्वतःचं होतं. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटानं 1982 मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. तो जरूर बघा. त्यात बायका कॅमेऱ्याकडे बघून स्वतःचं काम स्वतः सांगतात.

आणखी मागं जायचं तर 24 एप्रिल 1890 ला मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची प्रचंड सभा घेतली. त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या. आठवड्याची सुट्टी आपल्याला मिळाली ती अशा सभांतून. त्या दोघींची नावं मात्र आपण जपली नाहीत.

हे सगळं बदलता येतं, हे आपल्याच शेजाऱ्यानं दाखवलं आहे. वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. त्यांच्या डोक्यातून रोजगार हमी योजना निघाली, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. रोहयोच्या कामावर मातीचं मोजमाप व्हायचं आणि मापाला दर एकच, माती गड्यानं टाकली की बाईनं, हे बघितलं जात नसे. मस्टरवर प्रत्येकाचं वेगळं नाव. कामावर पाळणाघराची तरतूद. बायका झुंडीनं त्या कामावर गेल्या, कारण गावच्या रानात जो भेद होता तो सरकारी खडीवर नव्हता. मस्टरमध्ये खोटी नावं लागली, पैसे नवऱ्यांनी उचलले, सगळे गैरप्रकार झाले, मी ते नाकारत नाही. पण महाराष्ट्राच्या खेड्यात बाईच्या नावापुढं तिच्या मजुरीचा आकडा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात लिहिला गेला तो त्या मस्टरवर.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण पुढची संकटं तिथून येणार आहेत. नांगरट बैलाची होती तेव्हा गडी जड काम करतो म्हणून जास्त हजेरी घ्यायचा. नांगरट ट्रॅक्टरवर गेली, काम हलकं झालं, गड्याची हजेरी कमी झाली नाही. तो ट्रॅक्टरवर बसला आणि ‘ऑपरेटर’ झाला. भांगलणीवर तणनाशक आलं तेव्हा बाईला पंप चालवायला कुणी शिकवलं नाही, तिची हजेरीच गेली. इचलकरंजीत मागावर पुरुष आणि कांड्या भरायला बाई, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या आहे. नवे ऑटोलूम आले, मागावरचा पुरुष शिकून नव्या यंत्रावर गेला. कांड्यांचं काम मात्र नव्या यंत्रात उरतच नाही. मुंबईच्या गिरण्यांतही तेच झालं होतं, वाइंडिंगच्या खात्यातून यंत्रांनी बायका बाहेर काढल्या. उद्या ऊसतोडणी यंत्र सगळीकडे येईल. त्याचं स्टिअरिंग कुणाच्या हातात असेल, हे आजच ठरवायला हवं. आयटीआयच्या वर्गात आणि यंत्राच्या अनुदानात बायकांचा वाटा आजच ठेवला पाहिजे.

जमिनीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. महाराष्ट्रानं 1994 मध्येच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला, देशानं 2005 मध्ये दिला. पण प्रत्यक्षात हक्कसोडपत्र तयार असतं. भाऊबीजेची साडी घेऊन बहिणी सही करतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मी-मुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. कायदा न लागता केली. म्हणजे इथल्या पुरुषाला हे जमत नाही, असं अजिबात नाही.

आणि हा तर शाहू महाराजांचा जिल्हा. त्यांनी 1917 मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणि विधवाविवाहाचा कायदा केला, 1919 मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. पण मला त्यांची आणखी एक गोष्ट आज आठवते. संस्थानच्या स्त्रीशिक्षणाची जबाबदारी त्यांच्या कारकिर्दीत रखमाबाई केळवकरांकडे होती आणि त्यांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर होऊन संस्थानच्या इस्पितळात रुजू झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या दप्तरात मराठी बायकांची नावं हुद्द्यासकट होती. 2022 मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, 6 मे रोजी, जिल्हा 100 सेकंद स्तब्ध उभा राहिला. त्याच आठवड्यात माझ्या तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. एका गावानं ठरवलं आणि पंधरवड्यात राज्य सरकारला त्याचं परिपत्रक काढावं लागलं. मला हेरवाडचा अभिमान आहे. आता एखाद्या गावानं भांगलणीची हजेरी ग्रामसभेत ठरवावी. बाईची आणि गड्याची एक. कुठलाही कायदा त्याला आडवा येणार नाही.

साखर कारखान्यांचे आणि दूध संस्थांचे संचालक, पदाधिकारी या सभागृहात आहेत, म्हणून शेवटचं बोलणं त्यांच्याशी. पूर्वी आपण सांगत होतात, बायकांची खाती नसतात, पैसे द्यायचे कुठं? 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि काही महिन्यांत राज्यातल्या दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यांवर थेट पैसे गेले. खाती सापडली, आधार जोडलं गेलं, नावं बरोबर निघाली. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या नावाआधी येतं. म्हणजे नाव लिहायला हरकत उरलेली नाही आणि खात्याची सबबही संपली. ओवाळणी ज्या खात्यावर जाते, त्याच खात्यावर मजुरीही जाऊ शकते.

म्हणून माझी विनंती आहे. ज्या बाईच्या हातची धार तुमच्या संस्थेत येते, तिला सभासद करून घ्या, नवऱ्याच्या जागी किंवा नवऱ्याबरोबर. कोयत्याचा हिशेब दोन भागांत लिहा आणि दोन खात्यांवर भरा. खाडा धरताना पाळीचे आणि बाळंतपणाचे दिवस वगळा. यासाठी मुंबईहून आदेश यायची वाट बघायची गरज नाही, तुमच्या संचालक मंडळाचा एक ठराव पुरे आहे.

आज 6 मे. गाळप हंगाम संपला आहे, तळावरच्या कोप्या मोडून टोळ्या आपापल्या गावी गेल्या आहेत. पावसाळ्यात मुकादमांच्या मार्फत पुढच्या उचलीचे करार सुरू होतील आणि दिवाळीच्या आगेमागे धुराडी पुन्हा पेटतील. कराराचे छापील कागद अजून छापखान्यात गेलेले नाहीत. या वर्षी ते छापताना नवऱ्याच्या नावाखाली आणखी एक ओळ सोडा. तिथं तिचं नाव, तिचा खाते क्रमांक आणि तिची सही येऊ द्या.